मेपलची भट्टी: धुरांड्याचा आकडा चढला म्हणजे रस लवकर आटतो असे नाही

महोदय,

मार्च उजाडला की कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातली मेपल सिरपची वर्णने मराठी वाचकांपर्यंत येऊ लागतात. झाडाला ठोकलेली तोटी, टपटपणारा रस, बर्फावर ओतून खाल्लेला पाक, सगळे त्यात असते. आटवण्याचे काम मात्र एका वाक्यात उरकलेले असते: रस उकळत ठेवायचा, 104 अंश सेल्सिअसला पोहोचला की सिरप झाले. वाक्य चूक नाही, पण ते शेवटच्या पॅनमधल्या तापमापकाबद्दल आहे. लाकडावर चालणाऱ्या भट्टीला आणखी एक तापमापक असतो, धुरांड्याच्या बुडाशी. भट्टीत फाटे टाकणाऱ्याची नजर रात्रभर असते ती त्याच्यावर. घरामागच्या पाच-दहा झाडांचा रस हौसेने आटवणाऱ्यांनी बाजारातून हा तापमापक आणलेला असतो, लावलेलाही असतो, आणि बहुतेकांचा समज एकच असतो: आकडा जितका मोठा तितकी भट्टी जोरात. या समजापायी लाकूड जळते आणि सिरप वाढत नाही. त्यासाठी हे पत्र.

आधी लाकडाचा हिशेब पाहू. शुगर मेपलच्या रसात साखर साधारण 2 टक्के असते. किती रसाचे किती सिरप होईल यासाठी तिकडे 86 चा नियम वापरतात: 86 ला रसाच्या साखरेच्या टक्क्याने भागायचे. 2 टक्क्यांना उत्तर 43 येते, म्हणजे 43 लिटर रसाचे 1 लिटर सिरप. थोडक्यात, लिटरभर सिरपसाठी सुमारे 42 किलो पाणी वाफ करून उडवायचे. 5 अंशांवरचा थंड रस उकळीपर्यंत आणणे आणि मग पाणी उडवणे, दोन्ही मिळून साधारण 112 मेगाज्यूल उष्णता लागते. 20 टक्के ओलावा असलेल्या चांगल्या वाळलेल्या लाकडातून किलोमागे 14 ते 15 मेगाज्यूल मिळतात. सगळी उष्णता रसात गेली असती तर 8 किलोंत काम झाले असते. निम्मीच गेली तर 15 किलो लागतात, 65 टक्के गेली तर 12. उरलेली जाते कुठे? थोडी भट्टीच्या भिंतींतून, थोडी न जळलेल्या धुरातून, आणि सगळ्यात जास्त धुरांड्यातून, गरम वायूच्या रूपाने.

ती किती जाते हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. गोंधळ होतो तो इथेच. बाहेर शून्य अंश आहे आणि भट्टी जळणाला आवश्यक हवेच्या दुप्पट हवा ओढते आहे असे धरू. साध्या लाकडी भट्टीत हे नेहमीचेच. धुरांड्यात 300 अंश असतील तर लाकडातल्या उष्णतेचा जवळपास चौथा हिस्सा वर जातो, 400 ला तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा कमी, 600 ला जवळजवळ निम्मा. आता हवा दुपटीऐवजी तिप्पट झाली असे धरा. त्याच 400 अंशांना नुकसान 45 टक्क्यांपर्यंत जाते. 300 ला उतरलात तरी ते 34 टक्के राहते, म्हणजे दुप्पट हवेच्या 400 अंशांपेक्षा जास्तच. भट्टीचे दार नीट बसत नसेल, राखेच्या खणातून किंवा पॅनच्या कडेखालून थंड हवा आत येत असेल, तर धुरांड्याचा आकडा उतरतो. पाहणाऱ्याला वाटते आज उष्णता वाचते आहे. ही उतरण फसवी आहे. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे.

म्हणून धुरांड्याच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहावाच लागतो: तासाला किती लिटर रस आटला. रसाच्या टाकीवर लिटरच्या खुणा करायच्या, दर अर्ध्या तासाला पाहायच्या. तळ सपाट असलेल्या साध्या पॅनचा जुना अंदाज चौरस फुटाला तासाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास. मागचा, म्हणजे धुरांड्याकडचा, पॅन तळाला खोल पन्हळी असलेला असेल तर तिथे त्याच्या साधारण दुप्पट. 2 फूट रुंद आणि 6 फूट लांब, मागे पन्हळींचा पॅन असलेली भट्टी ताशी 75 लिटरच्या आसपास आटवत असेल तर ती ठीक चालली आहे. तिच्या धुरांड्यात 380 अंश असोत की 480. याउलट धुरांडे 600 दाखवते आहे आणि टाकी तासाला 50 लिटरच उतरते आहे, तर त्या भट्टीत दोष आहे.

अंशांचीही एक गफलत. अमेरिकेतले बहुतेक गोल डायल फॅरनहाइटचे असतात. अनुभवी माणूस '800 वर चालते आहे' म्हणतो तेव्हा ते 427 सेल्सिअस असतात, आणि 1000 म्हणजे 538. सेल्सिअसचा डिजिटल मीटर लावून 800 गाठायला निघालेल्याची धुरांड्याची नळी लाल होईल.

मग धुरांडे गरम असण्याचा फायदा काहीच नाही का? आहे, पण त्याला मर्यादा आहे. गरम वायू हलका असतो, वर जातो, आणि त्याच ओढीने जाळीखालून हवा आत येते. 6 मीटर उंच धुरांड्यात, बाहेर शून्य अंश असताना, 200 अंशांना ही ओढ साधारण 32 पास्कल येते. 400 ला 45. 600 ला 52. म्हणजे 200 वरून 400 वर गेल्याने मिळते तेवढी ओढ पुढच्या 200 अंशांत मिळत नाही, तिथे फक्त उष्णता जाते. ओढ कमी पडत असेल तर आग वाढवण्यापेक्षा धुरांडे उंच करणे स्वस्त. उंची भट्टीच्या लांबीच्या दुप्पट असावी हा तिकडचा जुना ठोकताळा आजही कामाला येतो. खालचे टोकही आहे. साधारण 120 अंशांच्या खाली धुरातला डांबरी चिकटा नळीच्या आतल्या बाजूने साचू लागतो, आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. आटवणी जोरात चालू असताना इतके खाली कोणी येत नाही. येते ते पेटवताना आणि विझवताना, आणि ओले लाकूड घालून धुमसत ठेवणाऱ्यांच्या भट्टीत.

आता उपकरण. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि तिघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सगळ्यात स्वस्त म्हणजे नळीला बाहेरून चिकटणारा चुंबकाचा डायल, जो घरातल्या लाकडी शेगडीसाठी बनवलेला असतो. तो पत्र्याचे तापमान सांगतो. आतला वायू त्याच्या दीडपट ते दुप्पट गरम असू शकतो, आणि दार उघडून खोलीत वारा आला तरी तो काटा हलतो. शिवाय स्टेनलेसच्या बऱ्याच नळ्यांना चुंबक धरतच नाही. दुसरा, आत दांडी जाणारा द्विधातूचा डायल. हा वायूचे तापमान दाखवतो, पण सावकाश. त्याची कमाल मर्यादा बहुधा 1000 फॅरनहाइट असते. काटा एकदा मर्यादेपलीकडे गेला की आतली गुंडाळी ताणली जाते आणि नंतर तो कायम चुकीचे दाखवतो. तिसरा, के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या सांध्यावरून तापमान ओळखणारी दांडी, आणि डिजिटल मीटर. घेणारच असाल तर हा घ्या. धुरांड्याच्या सगळ्या पल्ल्यासाठी तो पुरतो, लवकर प्रतिसाद देतो, आणि मीटर भट्टीपासून दूर, फाटे टाकणाऱ्याला उभ्या जागेवरून दिसेल असा लावता येतो. नळीत जाणाऱ्या दांडीचे, म्हणजे प्रोबचे, आवरण 310 स्टेनलेस किंवा इन्कोनेलचे, 6 मिलिमीटर जाडीचे असावे. फार बारीक प्रोब एका हंगामात खाल्ला जातो.

जागा चुकली तर महागडा मीटरही खेळणे होतो. मागच्या पॅनच्या टोकाशी भट्टीचे चौकोनी तोंड गोल नळीत उतरते. त्या जोडाच्या वर 30 ते 45 सेंटिमीटरवर भोक पाडावे. अगदी जोडात नको, कारण तिथे दोन बाजूंचे वायू अजून मिसळलेले नसतात आणि डाव्या-उजव्या बाजूचे आकडे वेगळे येतात. नळीला वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. धुरांड्यात झडप असेल तर झडपेच्या खाली. प्रोबचे टोक नळीच्या मध्यापर्यंत पोहोचावे. भिंतीलगतचा वायू थंड असतो आणि दोन इंच आत घुसवलेला प्रोब तेच मोजतो. पत्रा पातळ असतो, त्यामुळे नुसता आटे पाडलेला नट तिथे टिकत नाही. मागून पट्टी लावून फिटिंग घट्ट करावे. भोकाभोवती फट राहिली तर तिथूनच थंड हवा आत ओढली जाते आणि प्रोबला वारा घालत बसते. एवढे करूनही मीटर खऱ्यापेक्षा थोडे कमीच दाखवणार, कारण तापलेले टोक सभोवतालच्या थंड पत्र्याकडे उष्णता फेकत असते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. रोज तेवढेच कमी दाखवत असेल तर तुलना करायला ते पुरेसे आहे.

वायरिंगमधली चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ती सगळ्यात उशिरा लक्षात येते. प्रोबची वायर आखूड पडली म्हणून घरातली तांब्याची वायर जोडायची नाही. जोड धुरांड्याजवळ असेल, तिथे 80 अंश असतील आणि मीटर 15 अंशांच्या कोपऱ्यात असेल, तर मीटर सरळ 65 अंशांनी कमी दाखवेल. के प्रकारचीच जोडवायर घ्यावी, भट्टीजवळच्या भागाला काचतंतूचे वेष्टण असलेली. रंगांकडेही लक्ष द्यावे. अमेरिकन पद्धतीत पिवळी वायर धन आणि लाल ऋण. आपल्याकडचा वीजकाम करणारा लाल म्हणजे धन असे गृहीत धरतो. आंतरराष्ट्रीय रंगसंगतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. मीटरपाशी उलट जोडले तर आग वाढेल तसा आकडा उतरत जातो, ते लगेच कळते. जोडवायर दोन्ही टोकांना उलटी बसली तर मात्र आकडा चढतो-उतरतो बरोबर, फक्त वरच्या उदाहरणात तो 130 अंशांनी कमी असतो, आणि कुणाला संशयही येत नाही. हंगामाआधी प्रोब बर्फाच्या गाळात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात 100 च्या आसपास यायला हवेत. मात्र या तपासणीत जोड आणि मीटर दोन्ही थंडच असतात, त्यामुळे तांब्याची किंवा उलटी जोडवायर तीत सापडत नाही. ती डोळ्यांनीच तपासावी लागते.

आता आकडा वाचायचा कसा. भट्टी चढलेली आहे, दार उघडले, फाटे टाकले. दार उघडताच आकडा झपकन उतरतो, कारण थंड हवा सरळ पॅनखालून धुरांड्यात जाते. ही उतरण हिशेबात धरायची नाही. दार पंधरा-वीस सेकंदांत बंद झाले पाहिजे. मग नव्या फाट्यांतले पाणी उडेपर्यंत आकडा रेंगाळतो, ज्वाळा धरली की चढतो, तीन ते पाच मिनिटांत माथ्यावर येतो, थोडा वेळ टिकतो आणि उतरू लागतो. माथ्यावरून 30 ते 50 अंश उतरला की पुढचे फाटे टाकायचे. मध्यम भट्टीत हे अंतर सात ते दहा मिनिटांचे येते. घड्याळ लावून टाकणारेही आहेत आणि त्यात काही वावगे नाही, पण फाटे सारखे नसतात. पहाटेच्या थंडीत ओढ वाढते आणि तेच लाकूड सहा मिनिटांत संपते. तेव्हा घड्याळापेक्षा आकडा खरा.

आकडा 100-150 अंश उतरेपर्यंत थांबले तर काय होते? नुसता वेळ गेला, एवढ्यावर ते भागत नाही. मेपलची भट्टी गुऱ्हाळासारखी आधणा-आधणाने चालत नाही. एका टोकाने ताजा रस येत असतो आणि दुसऱ्या टोकाने सिरप निघत असते, मधल्या खणांत गोडी पायरीपायरीने वाढत जाते. या पायऱ्या टिकतात त्या एकसारख्या उकळीवर. उकळी मंदावली की दाट रस मागच्या पातळ रसात मिसळतो आणि सिरप निघायचे थांबते. पुन्हा घडी बसायला अर्धा तास लागू शकतो. त्याच कारणाने, शेवटच्या खणात सिरप व्हायला एखादाच अंश उरलेला असताना भट्टीचे दार उघडू नये. आधी काढून घ्यावे, मग फाटे टाकावेत.

फाटे मनगटाएवढे, सात-आठ सेंटिमीटरचे, जाळीपेक्षा थोडे आखूड, आणि किमान वर्षभर आडोशाला वाळलेले. आडवेतिडवे, मध्ये हवा राहील असे रचायचे. सगळी भट्टी एकदम भरायची नाही: एकदा डावी बाजू, पुढच्या वेळी उजवी. एक बाजू धुमसत असताना दुसरी ज्वाळेवर असते, आणि तिच्या ज्वाळेत पहिलीचा धूर जळून जातो. गच्च भरलेल्या भट्टीचा आलेख ओळखता येतो: आकडा खूप खाली, मग एकदम खूप वर, धुरांड्याच्या तोंडातून काळा धूर आणि मागोमाग ज्वाळा.

ही धुरांड्यावरची ज्वाळा पाहुण्यांना फार आवडते. फोटोही तिचेच निघतात. तिचा अर्थ असा की लाकडातून निघालेला वायू भट्टीत हवा न मिळाल्याने तसाच पॅनखालून गेला आणि वर, नळीत, हवा मिळाल्यावर जळला. म्हणजे आपण छताबाहेरच्या हवेसाठी लाकूड फोडले. यावर उपाय जाळीखालचा ब्लोअर वाढवणे हा नव्हे. त्याने राख उडते, आकडा आणखी चढतो आणि ज्वाळा आणखी लांब जाते. हवा द्यायची ती आगीच्या वरून, बारीक नळ्यांतून, जोराने, म्हणजे वायू आणि हवा भट्टीतच घुसळून निघतात. नव्या भट्ट्यांत ही सोय असते, जुन्यांना बसवता येते. भट्टीच्या भिंतींना सिरॅमिक फायबरची गादी आणि तिच्यावर आगविटा लावल्या की आतले तापमान वाढते आणि वायू तिथेच जळतो. असे केल्यावर तासाला आटणारे लिटर वाढतात आणि धुरांड्याचा आकडा उतरतो किंवा तेवढाच राहतो. सुधारणा झाली की नाही हे ओळखायची खूण हीच.

दोष शोधताना आम्ही लिटर आणि आकडा यांची जोडी पाहतो. आकडा चढतो आहे, लिटर उतरत आहेत, जळण तेच आहे: नव्वद टक्के वेळा काजळी. मागच्या पॅनच्या तळाशी खोल, अरुंद पन्हळी असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून ज्वाळा जाते. या पन्हळींवर काजळीचा थर बसला की वायू उष्णता न देताच निघून जातो. रोज भट्टी थंड झाल्यावर लांब ब्रशने फटी साफ करायला दहा मिनिटे लागतात. ब्रश मारूनही फरक पडला नाही, तर पॅनखालचा चढाव तपासा. तिथे भट्टीचा तळ वर येत पन्हळींच्या बुडाला जवळपास टेकलेला असायला हवा. ती भरणी खचली असेल तर वायूला पन्हळींखालून मोकळी वाट मिळते, आणि पाण्यासारखाच तोही सोपी वाट धरतो. पुढच्या पॅनचा तळही पाहा. मेपलच्या रसातला चुना मॅलिक आम्लाशी मिळून वाळूसारखा थर धरतो, तिकडे त्याला शुगर सँड म्हणतात. तो जाड झाला तर उष्णता अडते आणि पुढे रस करपतो.

आकडा कमी आणि धूर दाट असेल तर ओले लाकूड किंवा राखेने बुजलेली जाळी. राखेचा खण वेळेवर रिकामा केला नाही तर हवा तर अडतेच, शिवाय खालून थंडावा न मिळाल्याने जाळीचे लोखंड वाकते. आकडा कमी, धूर नाही आणि उकळीही मंद असेल, तर हवा चुकीच्या वाटेने येते आहे. एक उदबत्ती पेटवून दाराच्या कडा, पॅनच्या खालची पट्टी, राखेचे दार आणि नळीचा जोड यांवरून फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे आगीत न जळणारी दोरी किंवा सिरॅमिक फायबरची पट्टी भरा. सगळ्यात जास्त गुण देणारी ही दुरुस्ती आहे आणि खर्च नगण्य. आकडा अचानक उड्या मारत असेल, नाहीतर एकाच जागी खिळला असेल, तर भट्टीला दोष देण्याआधी प्रोब काढून पाहावा. त्यावर काजळीची टोपी चढलेली असते, किंवा आतला सांधा तुटलेला असतो.

धुरांड्याचा तापमापक जे सांगत नाही तेही लिहायला हवे, कारण लोक त्याच्या भरवशावर पॅनकडे पाठ करतात. रसाची पातळी राखणारा फ्लोट अडकून पॅनमधला रस उतरला, तर तापमापक ते वेळेत सांगणार नाही. इंचाच्या खाली गेलेला रस मिनिटांत करपतो. जुन्या पॅनचे सांधे सोल्डरचे असतात आणि ते 200 अंशांच्या आसपासच सुटतात. नवख्याने पॅनमध्ये किमान 4-5 सेंटिमीटर रस ठेवावा आणि हाताशी रसाची बादली भरलेली असावी. पातळी घसरताना दिसली तर तळ ओला आहे तोवरच बादली ओतायची, ब्लोअर आणि खालची हवा बंद करायची, आणि फाटे टाकायचे वरचे दार उघडे टाकायचे, म्हणजे थंड हवा पॅनखालून जाईल. फेस वर आला तर तेही धुरांडे सांगत नाही, डोळेच सांगतात.

तेलावरच्या आणि विजेच्या भट्ट्यांबद्दल इथे लिहीत नाही. तिथे बर्नर बसवणारा मापे घेऊन देतो आणि मालकाने त्याला हात लावायचा नसतो. मोठे उत्पादक, विशेषतः जगातले सुमारे 70 टक्के सिरप बनवणाऱ्या क्वेबेकमधले, रस भट्टीवर जाण्याआधीच रिव्हर्स ऑस्मोसिसने त्यातले बरेचसे पाणी काढतात. 2 टक्क्यांचा रस 8 टक्क्यांवर आणला तर 86 च्या नियमाने 43 ऐवजी 11 लिटरच आटवायचे उरतात. लाकडाचा प्रश्न त्याने लहान होतो, पण करपण्याचा मोठा होतो, कारण सगळेच वेगाने घडते.

रात्रीची आवराआवर आकड्यावर सोडावी. शेवटचे फाटे थांबण्याच्या पाऊण-एक तास आधी टाकायचे आणि पॅनची पातळी 7-8 सेंटिमीटरपर्यंत वाढवायची. आगविटा आणि गादी लावलेली भट्टी निखारे विझल्यासारखे दिसले तरी बराच वेळ उकळी धरून राहते. धुरांडे 100 च्या खाली आणि पॅन पूर्ण शांत, असे दोन्ही दहा मिनिटे राहिल्याशिवाय कुलूप लावू नये. लाकडी छताच्या खोपटात एकेरी पत्र्याच्या नळीपासून कोणतेही लाकूड 18 इंच, म्हणजे 45 सेंटिमीटरच्या आत नसावे, आणि छतातून नळी जाते तिथे धातूची दुहेरी चकती असावी. दार बंद करून आटवणाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

राहिला गुऱ्हाळाचा प्रश्न. काकवी आणि मेपल सिरप ही भावंडेच, तेव्हा चुलवाणाच्या धुरांड्याला हा मीटर चालेल का, अशी विचारणा होते. चालेल, पण वरचे सगळे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. चिपाड कागदासारखे जळते आणि चुलव्या ते सतत लोटत असतो, त्यामुळे 'माथ्यावरून 50 अंश उतरला की टाका' याला तिथे अर्थ नाही. तिथे सरासरी आकडा आणि आधणाला लागलेली चिपाडे यांची जोडी पाहावी. गळतीचा नियम मात्र लागू आहे. चिपाडे टाकायच्या तोंडातून येणारी जास्तीची हवा आकडा उतरवते आणि जळण वाढवते, आणि काहिलीच्या कडेखालची फट चिखलाने लिंपण्याची जुनी रीत त्यावरचाच उपाय आहे. विटांच्या धुरांड्याला बाहेरून चिकटणारा डायल तर निव्वळ शोभेचा, वीट तापायलाच तास जातो. भोक बुडापासून मीटरभर वर, थर्मोकपलचे आवरण जाड, कारण चिपाडाच्या राखेतली वाळू ते घासून काढते. आणखी एक फरक मोठा आहे. गूळ 118 अंशांच्या आसपास उतरवतात, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आग कमी करावी लागते, आणि तापलेल्या विटा ऐकत नाहीत. धुरांड्याचा आकडा उतरायला लागल्यावरही काहिलीखाली जोर असतो. तिथे गुळव्याने मीटरकडे पाहू नये, पाकाकडे पाहावे. मीटर चुलव्यासाठी आहे. तो लावताना उकळत्या पाण्याची चाचणी घ्याल तेव्हा कोल्हापूरच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते हे ध्यानात असू द्या, नाहीतर चांगला प्रोब बिघडला म्हणून परत कराल.

कळावे,

मेपलच्या हंगामात भट्टीवर काम करणारे दोन वाचक,
ऑन्टारिओ, कॅनडा